कोंडा

तुझ्या बाहीवर पीठ आहे की तू,
हे मला ओळखता येतं.
पीठ फुंकलं की उडतं.
तू चिकटून राहतोस,
कोपराशी, कानामागे, कमरपट्ट्याखाली,
चांदीच्या वर्खासारखा,
कुणालाच नको असलेल्या मिठाईवरचा.

गिऱ्हाइकाला कुठे कळतं?
हाजेर बाईंनी पाव उलटासुलटा करून पाहिला,
वरचं पांढरं नखाने खरवडलं, हुंगलं,
म्हणाल्या, आज घरी पुलाव आहे.
मग मोहल्ल्यात घरोघरी
पुलावच शिजू लागला.

तू भट्टीमागे गेलास. गल्ल्यावर मी बसले.
सिवासच्या डॉक्टरांनी मलम दिलं, वर सांगितलं,
हा लागट नाही, आणि कायमचा जाणाराही नाही.
पहिलं वाक्य मी गावभर सांगत फिरले.
दुसरं आपल्यातच ठेवलं.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता.
तुझ्या मामेभावाने सफरचंदाचा शिर्का चोळायला लावला;
त्या रात्री तू अंगणातल्या बर्फात उघडा बसलास,
तोंडातून चकार शब्द नाही.
ओटचं पीठ फडक्यात बांधून कोमट पाण्यात पिळलं,
त्याने खाज दोन तास झोपली,
आणि तेवढेच आपण.
माझ्या आईने कांतारोनची पिवळी फुलं
ऑलिव्हच्या तेलात बुडवून खिडकीत उन्हाला ठेवली.
चाळीस दिवसांनी तेल लाल झालं.
पिवळ्याचं लाल कसं होतं गं, विचारलं,
तर म्हणाली, पांढऱ्याचं तांबूस कसं होतं
ते आधी नवऱ्याला विचार.

मग कांगालचे झरे. एकवीस दिवस.
भट्टीची किल्ली दिरापाशी.
सकाळी अनशापोटी पेलाभर तेच पाणी,
मग गळ्यापर्यंत आत.
पुरुषांच्या हौदाला लाकडी कुंपण होतं,
लाज सोडून मी त्याच्या फटीला डोळा लावला.
बोटाएवढ्या मासोळ्या आल्या
आणि तू पाय आखडून घेतलेस.
कुणी आपणहून जवळ येईल
हे तुझं अंग विसरलं होतं, रेफिक.

या ऊन पाण्यात त्यांना दुसरं खायला मिळत नाही फारसं,
रखवालदार येनेर सांगत होता,
उपाशी असतात बिचाऱ्या.
भिजलेलं तेवढं टिपत होत्या त्या,
खालची गुलाबी कातडी सोडून,
तू चाळणी हलवतोस तशा,
कोंडा वर, पीठ खाली,
घाई नाही, किळस नाही.
शेजारी गुडघे बुडवून बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं,
काय करतोस रे?
पाव भाजतो, तू म्हणालास.
कितीतरी दिवसांनी मोठ्याने म्हणालास.

बाह्या दुमडून घरी आलास.
सप्टेंबर स्वच्छ गेला.
हाजेर बाईंनी दोन पाव नेले, न हुंगता.
डिसेंबरात डाव्या कोपरावर
नाण्याएवढा ठिपका परत आला.
मला दिसला, त्याआधी तुला दिसलेला होता.
आपण दोघंही गोठलेल्या नळाबद्दल बोललो.

आता भट्टी विझली की तू पालथा झोपतोस.
मी लाल तेलाची वाटी कोमट करते,
मलमाचा दिवस असेल तर मलम.
पाठीच्या मधोमध तुझा हात पोचत नाही,
तिथे माझा.
खपली तळहाताखाली मऊ होते.
ती उचकटायची नाही,
सुटून आली तेवढीच घ्यायची,
हे मी त्या कुंपणाच्या फटीतून शिकले.

सकाळी चादर गच्चीवर झटकते.
चिमण्या उतरतात, पावाचा चुरा समजून,
एकदोनदा चोच मारतात,
माझ्याकडे बघतात, फसवल्यासारख्या.
हे तुला सांगितलं
तेव्हा तू इतका हसलास
की पिठाच्या पोत्याला टेकून बसावं लागलं,
आणि उठलास तेव्हा
पाठभर पांढरा.
मी फुंकून पाहिलं.
उडालं.